देव मानत नाही, मग मीटिंगला जाऊ का?

पत्र

ताई, नमस्कार. वय ४८, राहणार ऐरोली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. कॉलेजपासून देव मानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) शिबिरांना गेलोय, घरात कधी सत्यनारायण घातला नाही. आई आहे म्हणून गणपतीत आरतीला मागे उभा राहतो, तेवढंच.

दारू बरीच वर्षं आहे. आधी शनिवारी असायची, मग रोजची झाली. आता रोज एक हाफ लागतो. कंपनीच्या बसमधून उतरलो की पाय वाइन शॉपकडेच वळतात. अनेकदा ठरवून सोडली आणि परत धरली. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस पूर्ण बंद केली होती, पण हात थरथरायला लागले, झोप उडाली, रात्री भिंतीवर मुंग्या चालताना दिसल्या, म्हणून पुन्हा सुरू केली. कंपनीच्या तपासणीत लिव्हरचे आकडे वाढलेले आले. तिथल्या डॉक्टरांनी ए.ए.ला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) जा म्हणून सांगितलं.

ठाण्यात एका शाळेच्या वर्गात मीटिंग होती. माणसं चांगली वाटली. पण भिंतीवर बारा पायऱ्यांचा तक्ता होता, त्यात देव, उच्च शक्ती, शरण जाणं. शेवटी सगळे प्रार्थनेला उभे राहिले तेव्हा मी बाहेर पडलो. आरतीला उभं राहणं वेगळं, तिथे ‘माझं आयुष्य देवाच्या हवाली केलं’ असं कोणी वदवून घेत नाही. आणि मी शक्तिहीन आहे, हेही मला पटत नाही.

मेहुणे बैठकीला (निरूपणाच्या सत्संगाला) जातात, त्यांची सुटली. ते म्हणतात, चल. बायकोने जाहिरात बघून चहातून द्यायची पावडर मागवलीय, मला पुडी सापडली. मुलगी बारावीला आहे. ती म्हणाली, “बाबा, पुरावा बघून ठरवा, असं तुम्हीच सांगता ना?” देव न मानणाऱ्याला अशा ठिकाणी खरंच फायदा होतो का? की ढोंग करून बसू? दुसरा काही मार्ग आहे का? आणि मुलीला काय सांगू?

— एक वाचक, ऐरोली

उत्तर

नमस्कार. देवाकडे मी येणारच आहे, पण आधी त्या मुंग्यांबद्दल बोलू. तुम्ही त्या एका ओळीत उरकल्यात आणि मला मात्र तुमच्या पत्रातली तीच ओळ सगळ्यात काळजीची वाटली.

रोज हाफ घेणाऱ्या माणसाने अचानक थांबवली आणि दुसऱ्या दिवशी थरथर, घाम, झोप उडणं, नसलेलं दिसणं सुरू झालं, तर शरीराला दारूची इतकी सवय झाली आहे की ती काढून घेणं हाच एक वैद्यकीय प्रसंग होतो. थांबवल्यापासून साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्यात माणसाला वेळकाळाचं भान राहत नाही, ताप चढतो, छाती धडधडते, आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. तुम्ही त्या वाटेवर दोन पावलं टाकून परत आला आहात. म्हणून डॉक्टरांना भेटेपर्यंत घरच्या घरी, एकट्याने, एका झटक्यात बंद करू नका. हे वाक्य तुमच्या पत्नीलाही वाचून दाखवा, कारण एरवी त्यांना हा पिण्याचा परवाना वाटेल. तो परवाना नाही. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं आहे.

डीटॉक्स म्हणजे काही दिवस देखरेखीखाली औषधं देऊन दारू उतरवणं. त्यात थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वही देतात, कारण रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कळव्याला महापालिकेच्या मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. ठाण्याला १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात कोणीही जाऊ शकतं. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही चेष्टा ऐकतच आपण सगळे वाढलो, त्यामुळे त्या गेटातून आत जायला पाय अडखळतात हे मला ठाऊक आहे. तरी जा. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तिथे जा. पण जाताना लिव्हरचा रिपोर्ट न्या आणि मुंग्यांचं सांगा. दारूची ओढ कमी करणारी नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, आणि त्यातलं कोणतं द्यायचं हे लिव्हर आणि किडनी बघूनच ठरतं. मध्येच फिट आली किंवा तुम्ही असंबद्ध बोलायला लागलात तर घरच्यांनी वाट न बघता १०८ ला फोन करावा.

आता ती पुडी. इथे पत्नीशी बोलते: ताई, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण हे पत्र तुम्हीही वाचाल. नवऱ्याला न सांगता चहातून, भाजीतून काही देऊ नका. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते वरच्या कागदावरून कळत नाही. डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतलेलं असताना दारू प्यायली तर अंग लाल होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो. ते माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. ज्याला माहीतच नाही तो त्यावर हाफ पिणार, आणि आधीच बिघडलेल्या लिव्हरच्या माणसाला तुम्ही प्रेमापोटी आयसीयूत पोचवाल. शिवाय ज्या घरात चहावर विश्वास उरत नाही तिथे उपचार कसे टिकणार? पुडी फेकून द्या. तुम्ही किती थकला असाल याची कल्पना आहे मला. घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ नावाचे वेगळे गट असतात, नवरा सोडो न सोडो, तुम्ही तिथे स्वतःसाठी जाऊ शकता.

आता पुन्हा पत्रलेखकाकडे, तुमचा मूळ प्रश्न. माझं उत्तर हो असं आहे. देव न मानणाऱ्या माणसाला या गटांमधून फायदा होतो, आणि त्यासाठी त्याला देव मानायला लागावं लागत नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. तुमच्या मुलीने पुरावा मागितला आहे, तर तो देते.

१९९९ साली अमेरिकेत व्यसनाच्या उपचारासाठी दाखल झालेल्या ३,०१८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की जे कमी धार्मिक होते त्यांना तिथले समुपदेशक अशा गटांकडे कमी पाठवत होते, ‘याला काय पटणार’ असं गृहीत धरून. पण जे गेले त्यांना झालेला फायदा त्यांच्या धार्मिकतेवर अवलंबून नव्हता. २००२ मध्ये दुसरा अभ्यास आला, खास नास्तिक आणि अज्ञेयवादी लोकांबद्दल. नास्तिक मंडळी ए.ए.ला कमी जात होती, लवकर सोडत होती. जी टिकून जात राहिली त्यांचं पिणं मात्र आस्तिकांइतकंच कमी झालं. म्हणजे अडचण फायदा होण्यात नव्हती, खुर्चीत बसून राहण्यात होती. तुम्ही पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या वेळी उठून बाहेर आलात, त्याचं या आकड्यांत चांगलंच प्रतिबिंब दिसतं.

आणि एकूण ए.ए.चं काय? २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून आढावा घेतला. ज्यांना उपचार करणाऱ्यांनी व्यवस्थित समजावून, पाठपुरावा करून ए.ए.शी जोडून दिलं होतं, त्यांच्यापैकी वर्षानंतर ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते. वर्तनोपचारासारख्या इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. तुम्ही आकड्यांत वावरणारे आहात, म्हणून या आकड्यांची मर्यादाही सांगते. ४२ म्हणजे निम्म्याहून कमी. तुलना ‘काहीच न करण्याशी’ नाही, दुसऱ्या चांगल्या उपचारांशी आहे. आणि ‘जोडून देणं’ याचा अर्थ डॉक्टरांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून देणं नव्हे. तुमच्या बाबतीत तेवढंच झालं, असं मला पत्रावरून वाटतं.

मग यात काम कशाने होतं? संशोधकांनी हेही तपासलं आहे. मोठा वाटा दोन गोष्टींचा दिसतो. माणसाच्या भोवतीचे लोक बदलतात, म्हणजे पिणाऱ्यांची संगत कमी होते आणि न पिणाऱ्यांची वाढते. आणि ‘आज न पिता ही वेळ निघून जाईल’ हा स्वतःवरचा भरवसा वाढतो. श्रद्धेचाही वाटा आहे, विशेषतः फार गंभीर व्यसन असलेल्यांमध्ये, तो मी लपवत नाही. पण बहुतेकांच्या बाबतीत मुख्य काम माणसंच करतात.

तुमच्या संध्याकाळीवर हे लावून बघा. बस सोडते, शॉप समोर, घरी जायला अजून अर्धा तास. ही तुमची रोजची धोक्याची वेळ आहे. बहुतेक मीटिंगा नेमक्या याच वेळेला असतात, कारण त्या पिणाऱ्यांनीच ठरवलेल्या आहेत. दीड तास तुम्ही अशा खोलीत बसता जिथे दारू नाही, जिथे कोणी ‘एक घे रे, एकाने काय होतं’ म्हणत नाही, आणि निघताना तुमच्या खिशात पाच-सहा जणांचे नंबर असतात ज्यांना रात्री अकरा वाजता ‘घ्यावीशी वाटतेय’ असं सांगितलं तर ते प्रवचन देत नाहीत, ते म्हणतात, ‘कुठे आहेस? थांब, येतो.’ एवढं दुसरीकडे, फुकट, आठवड्यातून कित्येक दिवस मिळत नाही. दवाखान्यात तर नाहीच नाही.

आता तुमच्या आक्षेपाकडे. तो मी हलक्यात घेणार नाही. ‘अहो, देव म्हणजे निसर्ग समजा, विश्वाची ऊर्जा समजा’ असं तुम्हाला कोणी सांगेल आणि तुम्ही वैतागाल. बरोबरच आहे. आयुष्यभर ज्या ‘ऊर्जे’च्या भोंगळपणाविरुद्ध बोललात, ती मागल्या दाराने आत का घ्यायची? आरती आणि शरणागती यांच्यात तुम्ही केलेला फरकही खरा आहे. आईसाठी मागे उभं राहणं हा घरातला सलोखा आहे. ‘मी स्वतःला हवाली केलं’ हे विधान आहे, आणि खोटं विधान करायला तुम्ही तयार नाही, याबद्दल मला तुमचा आदरच वाटतो.

पण ए.ए. तुमच्याकडून हे विधान मागते का? सदस्य होण्याची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. ती त्यांच्या बारा परंपरांपैकी (गट कसे चालावेत याची तत्त्वं) तिसरी आहे, आणि या परंपरा १९५० साली अधिकृतपणे स्वीकारल्या गेल्या. बारा पायऱ्या तिथे सुचवलेल्या म्हणून मांडतात, त्यांच्यावर कोणी सही मागत नाही. या संस्थेचा उगम ख्रिस्ती वळणाचा आहे हे खरं. १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघे अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात भेटले ते एका ख्रिस्ती चळवळीच्या ओळखीतून. पण सुरुवातीच्याच मंडळींत जिम बर्वेल नावाचा एक फिरता विक्रेता होता, पक्का नास्तिक आणि त्याबद्दल मोठ्याने बोलणारा. इतर जण त्याच्यावर चिडायचे, पण त्याला बाहेर काढलं नाही. पायऱ्यांमध्ये ‘आम्हाला जसा समजला तसा’ देव ही सवलत आली त्यात त्याच्या भांडणाचा मोठा हात होता. तो पुढे अनेक वर्षं दारूशिवाय जगला. शिकागोत १९७५ पासून नास्तिक-अज्ञेयवाद्यांचा ए.ए. गट चालतो. टोरांटोमध्ये २०११ साली अशा गटांना यादीतून काढलं होतं, कारण त्यांनी पायऱ्यांतून देव वगळला होता. प्रकरण मानवी हक्क लवादापर्यंत गेलं आणि २०१७ पर्यंत मिटलं. म्हणजे हा वाद तुमच्या एकट्याचा नाही. तो त्या खोल्यांमध्ये पहिल्या दिवसापासून चालू आहे आणि आतले लोकच तो घालतात.

पायऱ्या पुन्हा एकदा वाचा, या वेळी रागाशिवाय. आपल्या वागण्याची प्रामाणिक यादी करणं, ती दुसऱ्या एका माणसाला वाचून दाखवणं, ज्यांना दुखावलं त्यांची यादी करणं, जिथे शक्य आहे आणि ज्याने त्यांना आणखी त्रास होणार नाही तिथे भरपाई करणं, रोज स्वतःला तपासत राहणं, आणि नंतर दुसऱ्या पिणाऱ्याला हात देणं. हे करायला देव लागत नाही. एखादा अंनिसचा कार्यकर्ता हे आस्तिकापेक्षा जास्त काटेकोरपणे करेल. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीतल्या ‘आपल्याहून मोठ्या शक्ती’च्या जागी गटालाच धरा, असं ए.ए.च्या स्वतःच्या १९५३ च्या पुस्तकात म्हटलं आहे. दहा-वीस माणसं, ज्यांची एकत्रित वर्षं तुमच्या एकट्याच्या निश्चयापेक्षा जास्त आहेत. यात गूढ काही नाही. हेही जड जात असेल तर त्या दोन पायऱ्या सोडा आणि पुढे चला.

खरं सांगायचं तर तुमचं भांडण देवाशी कमी आणि पहिल्या पायरीशी जास्त आहे, असं मला पत्र वाचताना वाटलं. ‘मी शक्तिहीन आहे हे मला पटत नाही.’ पहिल्या पायरीत देवाचा उल्लेखच नाही. तिथे एवढंच आहे की दारूपुढे आमचं चालत नव्हतं आणि आमचं जगणं हाताबाहेर गेलं होतं. तुम्ही स्वतः लिहिलंय की अनेकदा ठरवून सोडली आणि परत धरली, आणि पाय आपोआप वळतात. कंपनीत एखाद्या बॅचचे निकाल वारंवार असे आले असते तर तुम्ही ‘मशीन ठीक आहे, पुढच्या वेळी नीट येईल’ असा शेरा मारला असता का? ‘शक्तिहीन’ म्हणजे कणाहीन किंवा जबाबदारीतून मोकळा नव्हे. पहिला पेग पोटात गेल्यावर दुसऱ्याचा निर्णय तुमच्या हातात राहत नाही, एवढी ती नोंद आहे. पहिला पेग घ्यायचा की नाही, घ्यायचा नसेल तर सहा वाजता कुठे असायचं, कोणाला फोन करायचा, हे सगळं तुमच्या शक्तीत आहे आणि तिथे ती वापरायची आहे.

ढोंग करून बसू का, असं विचारलंत. नको. ढोंग करायची सवय पिणाऱ्याला आधीच भरपूर असते. बाटली कुठे ठेवली, किती झाली, ‘एकच घेतली’. ज्या खोलीत खरं बोलायला जायचं तिथेच खोटं बोलून सुरुवात कशाला? पुढच्या मीटिंगला शेअरिंगची वेळ आली की सांगा: मी देव मानत नाही, मला दारू सोडायची आहे. कुठल्यातरी कोपऱ्यातून एखादी मान हलेल आणि चहाच्या वेळी तो माणूस जवळ येऊन म्हणेल, ‘मीपण नाही मानत.’ असे लोक असतात, फक्त ते तक्त्यावर लिहिलेले नसतात. प्रार्थनेला शांत उभे राहा किंवा दाराशी थांबा. तुम्ही ऐकलेली ती प्रार्थना बहुधा जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची, जे येतं ते बदलण्याची आणि दोन्हींतला फरक कळण्याची होती. सुरुवातीची हाक सोडली तर त्यात तुमच्या विवेकाला टोचण्यासारखं काय आहे, ते एकदा बघा.

एक मीटिंग म्हणजे ए.ए. नव्हे, हेही लक्षात ठेवा. गटागटांत फार फरक असतो. ठाण्यात, मुलुंडला, वाशीला, बेलापूरला वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बघा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत. सात-आठ मीटिंगा झाल्याशिवाय मत बनवू नका. कुठे ‘देव मानला नाहीस तर मरशील’ असं कोणी बजावलं, तर तो त्या माणसाचा स्वभाव आहे, दुसरा गट शोधा. आणि ‘गोळ्या घेतोस म्हणजे तू खरा सोबर नाहीस’ असं कोणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये, हे ए.ए.च्या स्वतःच्या पत्रकातच सांगितलेलं आहे.

दुसरे मार्गही आहेत, आणि ते ए.ए.सोबत चालतात, एक निवडला म्हणून दुसरा सोडावा लागत नाही. तुमच्यासारख्याला मी विवेकनिष्ठ मानसोपचाराची शिफारस आवर्जून करेन. अल्बर्ट एलिस या नास्तिक मानसशास्त्रज्ञाची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेत ही विचारसरणी तुम्हाला मराठीतच भेटेल. ‘मला हे सहनच होत नाही, आत्ता पाहिजेच’ या विचाराला कसं आव्हान द्यायचं, ते तिथे शिकवतात. याच विचारावर उभी असलेली स्मार्ट रिकव्हरी नावाची देवविरहित चळवळ १९९४ पासून आहे. तिच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, पण बहुतेक इंग्रजीत, आणि रात्री अकराला ऐरोलीत तुमच्या दारात येणारा माणूस त्यातून मिळणं कठीण. दाखल होऊन उपचार घ्यायची वेळ आली तर पुण्याचं ‘मुक्तांगण’ आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. आणि साताऱ्याचं ‘परिवर्तन’ कोणी उभं केलं ते तुम्हाला सांगायला नको: डॉ. नरेंद्र दाभोलकर. ज्यांनी बुवाबाजीशी उभा जन्म भांडण केलं, त्यांनीच व्यसनमुक्तीचं केंद्रही काढलं. दीक्षाभूमीवर १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्या प्रतिज्ञा ईश्वराच्या नावाने नाहीत. दारू सोडणारी निरीश्वर परंपरा आपल्याकडे आहे, तिच्यात तुम्ही एकटे नाही.

मेहुण्यांबद्दल थोडंसं. बैठकीने नवी मुंबईच्या गावागावांत खूप घरांतली दारू गेली आहे, हे मान्य करायला श्रद्धा लागत नाही. ठरलेला वार, ठरलेली माणसं, चारचौघांसमोर दिलेला शब्द, गावात परत मिळालेला मान. यातलं बरंच काही तेच आहे जे शाळेच्या वर्गात घडतं. तुम्हाला निरूपण पटणार नसेल तर जाऊ नका, पण त्यांना हसूही नका. तुमच्या नात्यात दारू सोडून टिकलेला तो एक माणूस आहे. त्यांना म्हणा, ‘बैठकीला नाही येत, पण बस सुटते तेव्हा आठवडाभर मला घ्यायला याल का?’ ते येतील असं मला वाटतं.

दोन नंबर लिहून ठेवा, दोन्ही मोफत: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. जवळची मीटिंग किंवा केंद्र सापडत नसेल तर पहिल्या नंबरवर विचारा.

राहिली मुलगी. तिला ‘आता कधीच पिणार नाही’ असं वचन देऊ नका. तिने ते आधी ऐकलेलं असणार. तिला खरं काय आहे ते सांगा: की हा आजार आहे, की तिच्यामुळे किंवा आईमुळे तो झालेला नाही, की तुम्ही डॉक्टरांकडे जाणार आहात आणि एका गटात जाणार आहात, तिथे प्रार्थना होते, तुम्ही ती म्हणत नाही, पण बसता. पुढे एखाद्या दिवशी पाय घसरला तर तेही तिला तुमच्याकडूनच कळू द्या, वासावरून नको. तिने विचारलेला प्रश्न हुशार होता, आणि त्याचं उत्तर वर दिलेल्या अभ्यासांत आहे. हवं तर दोघांनी बसून वाचा. बारावीचं वर्ष आहे, तिलाही बोलायला कोणी लागेल. तिच्या कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांना भेटायला सांगा. आणि मीटिंगचा वार, जागा, परत यायची वेळ हे तिला आधी सांगून निघत जा.